भिंतीपलीकडचे तीन दिवस

भोरला मी ज्या खोलीत राहते तिथं माझी कॉट खोलीच्या मधोमध आहे. येणारी-जाणारी विचारतात, भिंतीला का लावत नाहीस, जागा तरी मोकळी होईल. मी म्हणते, भिंतीला ओल येते. ओल येते हे खोटं नाही, पण खरं कारण ते नव्हे. भिंतीपलीकडच्या माणसाचा श्वास मला ऐकू आला, तर दिवसभर दुसरं काही सुचत नाही. मी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. माणसं येतात, बाही वर करतात, एखादा खोकतो, आणि सुई धरलेला माझा हात थांबतो. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही रक्त घेता की कान देता?" मी हसून वेळ मारून नेली.

करोनाच्या वर्षी आम्ही वेल्ह्यात राहत होतो. बाजाराच्या मागच्या अंगाला, एसटी वळते त्याच्या पलीकडं, एका ओळीत चार खोल्या आणि वर एकच लांब पत्रा. पहिली खोली आमची, दुसरी तात्या आणि काकींची, तिसरी बशीरचाचांची. चौथीतला कारकून टाळेबंदी लागताच गावाला गेला, तो परत आलाच नाही. बांधणाऱ्यानं विटा वाचवल्या असाव्यात, कारण मधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचतच नव्हत्या. वर हातभर फट होती. त्या फटीतून फोडणीचा ठसका यायचा, अगरबत्तीचा वास यायचा, कोण कुणावर चिडलंय ते कळायचं. तात्या एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळी दाढी करताना ते स्वतःशीच थांबे म्हणायचे: वेल्हे, विंझर, मार्गासनी, आंबवणे, नसरापूर. नसरापूरपर्यंत पोचले की दाढी झाली असं समजायचं. माझी कॉट त्यांच्या भिंतीला होती. मी ते थांबे ऐकतच उठायची.

भिंत तोकडी असली तरी मधलं अंतर तोकडं नव्हतं. आम्ही मूळचे वरवे बुद्रुकचे, बौद्ध. पप्पांनी दुधाचा टेम्पो घेतला आणि डोंगरातल्या गावांचं दूध गोळा करायला सोयीचं म्हणून वेल्ह्यात खोली केली. काकी वाईट बोलायच्या नाहीत. पाणी भरताना "कवा आलीस?" एवढं विचारायच्या. पण आईनं खीर केली, वाटी दिली, की ती घेतली जायची आणि मागच्या दारानं गाईपुढं जायची. शेजारची वाटी रिकामी परत देऊ नये म्हणतात. आमची वाटी घासून, पुसून, रिकामी यायची. तीनदा तसं झाल्यावर आईनं वाटी देणं बंद केलं. पप्पांनी फक्त टेम्पोची काच दोनदा पुसली.

मग एसटी बंद झाली. ज्यांनी वेल्ह्याचा बाजार पाहिला आहे त्यांनाच कळेल, एसटीचा आवाज गेला की तिथं उरतं काय. तोरण्यावरून उतरणारा वारा, कुत्री, आणि हापशाचा खटखटाट. तहसील कचेरीसमोर दोरी बांधली होती. पप्पांना दुधाचा पास होता म्हणून तेवढा त्यांचा टेम्पो जायचा-यायचा. आल्यावर ते दाराबाहेर साबणानं आंघोळ करायचे, कपडे बादलीत टाकायचे आणि दारातच भिजल्या अंगानं चहा प्यायचे.

तात्यांना ती शांतता सोसली नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचला पलीकडं पेटीच्या भात्याचा फस्स असा आवाज झाला. पेटी जुनी होती, वरच्या पट्टीतला एक सूर नाकात बोलल्यासारखा यायचा. तात्या भजन म्हणू लागले. आवाज काही गोड नव्हता. गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचवायची सवय असलेला तो आवाज होता. आमच्याकडं पप्पा पाण्याच्या पिंपाला टेकून बसले होते. त्यांची बोटं पिंपावर चालायला लागली. मी ती बोटं तशी कधी पाहिली नव्हती. लहानपणी ऐकलं होतं, की वरव्याला आमच्या थोरल्या काकांची गायन पार्टी होती आणि पप्पा ढोलकीवर असायचे. काका गेल्यावर ढोलकी गोधडीत गुंडाळून माळ्यावर गेली.

पलीकडं पेटी थांबली. "कोन वाजिवतंय?"

पप्पांनी हात असा मागं घेतला, जसं कुणाच्या शेतातलं कणीस मोडताना सापडलेत. "न्हाई, उगंच आपलं."

मग तात्या म्हणाले, "उगंच नका वाजवू. वाजवायचं तर नीट वाजवा."

ढोलकी माळ्यावरून उतरली. शाई उखडली होती, वादी सुटली होती. पप्पा दोन दिवस तिच्याशी झगडत बसले, आणि तिसऱ्या दिवशी पाचला सगळे आपापल्या ओट्यावर आले. तात्या पेटी घेऊन, पप्पा ढोलकी घेऊन. बशीरचाचा मास्क शिवत असायचे, त्यांनी मशिनीचं लाकडी झाकण उलटं मांडीवर घेतलं आणि त्यावर बोटं आपटली. असा नाद निघाला की तात्या म्हणाले, "चाचा, हे झाकन हाय का डफ?" चाचा म्हणाले, "बापजाद्यांनी डफच वाजवला तात्या, म्या मशीन घेतली." बायका दाराआड होत्या, हळूहळू उंबऱ्यावर आल्या. पहिले कित्येक दिवस भजनंच चालली. पप्पा ती वाजवायचे, गायचे नाहीत.

जयंतीचा दिवस आला. मिरवणूक नाही, विहारात जाणं नाही. आईनं घरातच मेणबत्ती लावली, आम्ही वंदना घेतली. पप्पांनी पांढरा शर्ट घातला आणि पाचला तसेच ओट्यावर येऊन बसले. तात्यांचं भजन संपलं. पप्पांनी ढोलकीवर थाप दिली आणि काकांच्या पार्टीतलं जयंतीचं गाणं उचललं. पहिलं कडवं त्यांनी एकट्यानं म्हटलं. पेटी गप्प होती. मला आठवतं, आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. दुसरं कडवं सुरू झालं, पेटी गप्पच. काकी आत गेल्या. आणि मग त्या नाकात बोलणाऱ्या सुरानं चाचपडत, चुकत, पप्पांच्या गाण्याची पट्टी शोधली. तिसऱ्या कडव्याला तात्या धृपद म्हणत होते, शब्द माहीत नसताना, शेवटचा शब्द तेवढा उचलत. काकी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात गुळाचा खडा होता. तो त्यांनी आईच्या हातावर ठेवला. "आज तुमचा सन ना," म्हणाल्या.

पुढच्या दिवसांविषयी मी फार लिहू शकते, पण त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळलं आहे. काकींचं माहेर पासली. भाताची लावणी करताना बायका गातात ती गाणी त्यांना शेकड्यांनी यायची. एक कायम डोक्यात राहिलं: "मूठ लाव गं, वाकून लाव गं, पाऊस उभा बांधावरी, भाऊ माझा औत्या गं, चिखल त्याच्या खांद्यावरी." काकी ओळ टाकायच्या, आई झेलायची. आई शेतात मजुरी केलेली बाई, तिला ती गाणी नवी नव्हती. दोघींनी ती वेगवेगळ्या बांधांवर शिकली होती एवढंच. वाटीही परत सुरू झाली, आणि भरून येऊ लागली. बाजारातली माणसं पाचच्या सुमाराला कोपऱ्यावर येऊन, लांब लांब उभी राहून ऐकायची. एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला नाव दिलं, पाचची पेटी. कुणी म्हणायचं, रोगाची बातमी ऐकायची तर सातला टीव्हीवर, आणि माणसाची ऐकायची तर पाचला बाजारामागं.

पाऊस लागून बरेच दिवस झाले होते तेव्हा पासलीहून निरोप आला. लावणीला माणसं मिळेनात, काकींच्या भावजयीचा हात मोडलेला. पप्पांनी काकींना टेम्पोतून पोचवलं. जाताना काकींनी आईला म्हटलं, "ह्यांच्या जेवनाचं बघशील?" आईनं मान हलवली. हे वाक्य बोलायला काकींना किती वर्षं लागली होती ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही वेळचं ताट मी द्यायची. पाऊस असायचा, म्हणून बाहेरनं न जाता मी कॉटवर धान्याची रिकामी कोठी चढवायची, कोठीवर मी, आणि फटीतून ताट पलीकडं. पलीकडून तात्यांचे दोन हात वर यायचे. "आली का गाडी?" ते विचारायचे. मी म्हणायची, "आली, तात्या."

काकी गेल्यावर आठवडा झाला असेल. दुपारी ताट देताना त्यांचा हात माझ्या बोटांना लागला आणि मला चटका बसला. मी म्हटलं, "तात्या, तुमाला ताप हाय."

"हळू बोल." हात खाली गेले. थोड्या वेळानं भिंतीच्या अगदी जवळून, खालून, माझ्या उशीच्या उंचीवरून आवाज आला. ते भिंतीला टेकून बसले होते. मी कोठीवरनं उतरून कॉटवर बसले. आमच्यात एका विटेचं अंतर होतं. "परज्ञा, बाळा, ऐक. पावसात भिजलो त्याचा ताप हाय. चार दिसांत उतरंल. कुनाला बोलू नकू. ते गाडी घिऊन येत्यात, नेत्यात, मानूस परत दिसत न्हाई. म्या आयुष्यभर लोकांना गाडीत बसवलं, मला त्या गाडीत बसायचं न्हाई. काकी आली की बघंल. शब्द दे."

मी शब्द दिला. त्यानंतर जे लिहायचं आहे ते लिहायला मी या वहीत तीन पानं फाडली आहेत. मी सगळ्यांना नेहमी सांगत आले, की तात्यांनी शब्द घेतला म्हणून मी बोलले नाही. ते अर्धं आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात पप्पांचं अंग दोन दिवस मोडून आलं होतं. आईनं काढा दिला, गोधडी घातली, ते उठून परत टेम्पोवर गेले. आणि त्याच दिवसांत बाजारात मी साखर आणायला उभी असताना दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला होता, "गावात यायचा तर तो टेम्पोतनंच यील. बाकी कोन जातंय भाईर? आन ती मानसं कुठं कुठं हिंडत्यात कुनाला ठावं." 'ती माणसं' म्हणताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नव्हतं, म्हणजे मी तिथं आहे हे त्याला माहीत होतं. तात्यांचा ताप बाहेर आला असता तर पहिलं बोट आमच्या दाराकडं वळलं असतं. मी सतरा वर्षांची होते, आणि तात्यांच्या शब्दाआड मला लपायला जागा मिळाली.

तीन दिवस. ताट अर्धं परत यायचं, मग पाऊण, मग भाजीला हात नाही. आईला दिसू नये म्हणून मी मागच्या ओढ्याकडं जाऊन उरलेलं टाकायची आणि रिकामं ताट घासायला ठेवायची. आई म्हणायची, "आज बरं जेवले तात्या." मी हो म्हणायची. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की बाकीच्यांना खोकला ऐकू जात नसे. मला ऐकू यायचा. कॉटवर पुस्तक घेऊन बसले की पलीकडं त्यांचा श्वास आत जाताना शीळ घातल्यासारखा वाजायचा, आणि बाहेर येताना मध्येच अडकायचा. मी तो मोजायला शिकले. विचारायची, "तात्या, बरं हाय का?" भिंतीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक व्हायची, गाडी सोडायच्या दोन घंट्या असायच्या तशी. माझ्याशी बोलणं त्यांनी बंद केलं होतं.

पाचला मात्र ते वाजवायचे. पावसामुळं आम्ही सगळेच दारं उघडी टाकून आपापल्या घरातूनच वाजवत होतो. तात्या गात नव्हते. चाचांनी हाक मारली, "तात्या, आज गळा कुठं गेला?" तात्यांनी उत्तर दिलं, "गळा रजेवर हाय चाचा," आणि लगेच पेटी मोठ्यानं वाजवली, मागचा खोकला त्यात बुडाला. पप्पा म्हणाले, "आज तात्या जोरात हायेत." मी खाली मान घालून होते.

चौथ्या दिवशी पेटी सुरू झाली आणि पहिल्याच ओळीत थांबली. म्हणजे थांबली नाही, एकच सूर लागून राहिला, तोच नाकातला. पप्पा ढोलकी धरून वाट पाहत राहिले, त्यांना वाटलं तात्या आलाप घेतायत. सूर बारीक होत गेला. भाता रिकामा होत होता. तो पूर्ण विझायच्या आत मी ओरडले, "तात्यांना ताप हाय! तीन दिवस झाले, ताप हाय त्यांना!"

पप्पा तसेच धावले. चाचा आले, मास्क विसरून. तात्या आमच्या भिंतीला टेकून बसले होते, पेटी मांडीशी, डावा हात भात्यावर. त्यांचं डोकं जिथं भिंतीला लागलं होतं तिथं केसांच्या तेलाचा गोल डाग पडला होता. रोज तिथंच टेकत असणार. माझी उशी बरोबर त्याच्या मागं होती. शुद्ध होती त्यांना. गाडी यायला दोन तास लागले, आणि अंगभर निळे झगे घातलेली माणसं स्ट्रेचर घेऊन उतरली तेव्हा तात्यांनी मला पाहिलं. मी रागाची वाट पाहत होते. त्यांनी फक्त पप्पांना म्हटलं, "ढोलकी ओलीला ठिवू नका." मग दार लागलं.

आम्हालाही नेलं, गावाबाहेरच्या एका वसतिगृहात. तपासणीत पप्पा आणि मी दोघंही बाधित निघालो, आई आणि चाचा नाही. कुणाकडून कुणाला गेलं, हे सांगणारी तपासणी त्या वेळी नव्हती आणि आजही मला कुणी सांगू शकत नाही. पप्पांकडून तात्यांना, का ताटावरून तात्यांकडून मला आणि माझ्याकडून पप्पांना. मी या धंद्यात आले, नळ्या, रिपोर्ट, सगळं शिकले, तरी ते कोडं जिथल्या तिथं आहे. पाचव्या दिवशी पप्पांचा फोन वाजला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तात्या वारले होते. तिकडंच त्यांचं सगळं उरकलं. पासलीत काकींना त्यांच्या भावानं घराबाहेर पडू दिलं नाही. त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं नाही, राख पाहिली नाही. फोनवर ऐकलं, आणि लोक सांगत होते, फोन ठेवून त्या परत चिखलात उतरल्या आणि पडलेली रोपं उचलून लावू लागल्या.

आम्ही परतलो तेव्हा शेजारच्या दाराला कुलूप होतं. बाजारात लोक पप्पांना बघून रस्ता बदलायचे. दुकानदार साखर टेबलावर ठेवून मागं सरायचा. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी गप्प बसले ती घडायची ती घडलीच. फक्त त्यात तात्याही गेले. पाच वाजायचे. पप्पा ढोलकीकडं पाठ करून बसायचे. चाचा मशीन चालवायचे आणि मध्येच थांबवायचे. आणि कुलूपबंद खोलीतून मला तो सूर ऐकू यायचा. बारीक, नाकातला, लागून राहिलेला. पहिल्या दिवशी वाटलं वारा असेल. दुसऱ्या दिवशी वारा नव्हता. भाता कुणी हलवल्याशिवाय पेटी वाजत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. एकदा आई सुपात तांदूळ निवडत होती. सूर आला तसा तिचा हात थांबला. तिनं फटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुला बी येतंय का गं ऐकू?"

मी म्हटलं, "काय?"

आई बघत राहिली. "काय न्हाई," म्हणाली, आणि परत निवडू लागली. आजही मला त्या सुरापेक्षा ते 'काय?' जास्त छळतं. आई त्यात एकटी पडली, आणि मी तिला एकटी पडू दिलं.

पाऊस ओसरल्यावर काकी आल्या. कपाळ मोकळं, हातात एक पिशवी. त्यांनी कुलूप उघडलं, आत गेल्या. मग भाता मिटवून पेटीची कडी लावल्याचा आवाज आला. संध्याकाळी त्या आमच्या घरात आल्या, पहिल्यांदाच आत, चुलीपर्यंत, आणि पाटावर बसल्या. "त्यांच्यासंगं शेवटाला कोन बोललं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं. शब्द घेतला, मी दिला. तेवढंच. काकींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. "हट्टीच हुता मानूस. तुझा काय दोस," म्हणाल्या. मी रडले, आणि त्या मला पोटाशी धरून बसल्या. आईनं तोंड फिरवलं. मला वाटलं, तिलाही रडू येतंय.

आठ-दहा दिवस गेले, त्यातले दोन काकींनी दारच उघडलं नाही. मग एका संध्याकाळी पाचला त्या पेटी उचलून आमच्या ओट्यावर घेऊन आल्या आणि माझ्यापुढं ठेवली. "वाजव."

"मला येत न्हाई, काकी."

"यील. रोज ऐकलीस की भिंतीतनं." पप्पा नको नको म्हणत होते. काकी त्यांच्याकडं वळल्या, "आन तुमी ढोलकी काढा. असं गप बसून काय त्ये परत यायचेत का?"

अशी मी पेटीवर बसले. बोटं शिकत गेली. चाचांनी झाकण घेतलं, पप्पांनी ढोलकी घेतली, आई आणि काकी लावणीची गाणी गायच्या, जयंतीची गायच्या, भजनं गायच्या. लोक परत कोपऱ्यावर येऊ लागले, तो दुकानदारही. पुढच्या वर्षी रोग दुप्पट जोरानं आला आणि वेल्ह्यात घराघरांतून माणसं गेली. तेव्हा आम्ही एकही दिवस चुकवला नाही. ज्यांच्या घरचं कुणी दवाखान्यात असे ती माणसं रस्त्याच्या कडेला दगडावर येऊन बसायची, ऐकायची, उठून जायची. काकी सगळ्यांना सांगायच्या, "ह्या पोरीनं त्यांना शेवटपत्तुर जेवाया घातलं." मी भाता ओढायची. भाता आत हवा घेताना शीळ वाजायची आणि सुटताना अडकायची. ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत जी जागा असते तिथं ते मला स्पष्ट ऐकू यायचं. काकी समोर बसून माझ्याकडं बघत असायच्या. मला वाटायचं, माया.

मग मी शिकायला पुण्याला गेले, तिथून भोरला नोकरीला. चाचा मुलीकडं राहायला गेले. पाचची पेटी कधी बंद झाली ते नेमकं सांगता येणार नाही. गेल्या दिवाळीनंतर पप्पांचा फोन आला, काकी खोली सोडून कायमच्या पासलीला चालल्यात. मी सुट्टी टाकून गेले. सामान फार नव्हतंच, सकाळी नऊपर्यंत टेम्पोत चढलं. काकी मोकळ्या ओट्यावर बसल्या होत्या. पप्पा दोर आवळत होते, आई आत खोली झाडत होती. मला कळलं, की आता नाही बोलले तर कधीच नाही. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. पप्पांचं अंग मोडलेलं, दुकानदाराचं बोलणं, ओढ्यात टाकलेला भात, आणि हे की तात्यांनी शब्द घेतला नसता तरी मी कदाचित गप्पच राहिले असते.

काकी म्हणाल्या, "म्हाईत हाय मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुझ्या आईनं सांगितलं. म्या आले त्याच्या आठव्या दिशी. वढ्याच्या काठाला भाताचा खच दिसला हुता तिला. मग इचार करत बसली, तिला समदं उलगडलं. माझ्याकडं येऊन म्हनली, काकी, माझी पोर भ्याली. तुमाला काय बोलायचं ते मला बोला, तिला नका बोलू."

आत झाडण्याचा आवाज थांबला होता.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनू? दार लावून घेतलं. दोन दिस चूल पेटवली न्हाई."

"मग मला पेटीवर का बसवलंत?"

काकींनी पदरानं तोंड पुसलं. "घरात आवाज पायजे हुता मला. खोली खायला उठायची. आन तुला समूर बघायचं हुतं. रोज बघत हुते. म्हटलं, बघू, ही पोर कवा बोलती." मग म्हणाल्या, "लई वर्सं लावलीस."

माफी मागायचा शब्द माझ्या तोंडात आला नाही.

"माफ केलं असं म्या म्हनत न्हाई," काकी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तसं म्हटलं तर लबाडी व्हईल. मानूस गेला माझा. पर तुला भ्याया कुनी शिकवलं, ते बी म्या इसरले न्हाई. ते आमीच."

पप्पांनी हाक मारली. आई दारात आली होती, हातात केरसुणी तशीच. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या, मग काकींनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि टेम्पोकडं निघाल्या. पुढच्या सीटवर चढल्यावर त्यांनी मागं वळून मला म्हटलं, "हुबी काय ऱ्हायलीस? चल पासलीपत्तुर. एकटीनं कुठं उतरू म्या तिथं?"

मी त्यांच्या शेजारी बसले. डोंगराच्या चढाला गाडी वळली तेव्हा काकींनी माझा हात धरला. तो त्यांनी दाबला नाही, आणि पासली येईपर्यंत सोडलाही नाही.